मर्विनचं 'नाही'

मी, अर्डिस जून ब्रुनर, वय ७७ वर्षे, धंदा सध्या काही नाही (पूर्वी शाळेची बस चालवत होते), रा. धान्याच्या कोठारामागे, बेल क्रीक, ओहायो. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी नवऱ्यासह राहत होते, आता एकटी राहते. नवरा मर्विन ब्रुनर, वय ८०, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करी. तो याच ऑक्टोबरात झोपेतच वारला. आम्हाला मूलबाळ नाही. हा जबाब लिहून घेणारे पोलीस, डेप्युटी वेस्ली म्हणाले, याची इथे गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

आमच्या गावात दर काही वर्षांनी शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही, यावर मतदान होतं. मी कायम 'हो', मर्विन कायम 'नाही'. लग्न झाल्यापासून हेच. शाळेच्या हॉलमध्ये मत द्यायला आम्ही एकाच गाडीतून जायचो. निघताना तो म्हणायचा, "चल गं, एकमेकांची मतं मारून येऊ." मी म्हणायचे, "मग घरीच बसू या की, पेट्रोल तरी वाचेल." त्यावर तो म्हणे, "हां! आणि तू मागच्या दारानं एकटीच जाऊन आलीस म्हणजे?" ज्याची बाजू जिंकेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची, असा त्याचा नियम होता. म्हणजे जिंकणारा डोक्यावर बसत नाही, म्हणे.

यंदा त्याचे पाय चालेनात, म्हणून मतपत्रिका टपालानं घरी मागवल्या. ठराव पडला तर आमची शाळा बंद होऊन पोरं पुढच्या ग्रँटन गावच्या शाळेत जाणार होती. तो रस्ता मी बसनं तुडवलेला आहे. जानेवारीत पुलावर बर्फाची काच होते आणि पहाटेच्या अंधारात समोरचं दिसत नाही. पहिलीतली पोरं त्या रस्त्यानं जाणार, हे मी मर्विनला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "बर्फ मीही बघितलाय. पण घर तेच, गळकं छप्पर तेच, पट्टी तेवढी वाढतेय. घरपट्टी भरता आली नाही म्हणून म्हातारं माणूस घराबाहेर पडलं, तर त्याला न्यायला कुठली बस येते, सांग." मी बटाटे वाढले.

जेवण झाल्यावर मी 'हो'चा आणि त्यानं माझ्यासमोर 'नाही'चा गोल काळा केला, आणि दोन्ही पाकिटं चिकटवली. पाकिटांवर सह्या करायच्या राहिल्या. "या पेनाला काही लाज नाही, ऐन वेळी शाई संपली, सही उद्या करू," असं म्हणून तो झोपायला गेला. सकाळी उठला नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या बायकांनी डबे आणून माझा फ्रीज भरून टाकला. आठवडाभरानं टेबल पुसताना मिठाच्या बरणीखाली दोन्ही पाकिटं दिसली. माझ्यावर मी सही केली. मग त्याच्यावर त्याच्या नावाची केली. दोन्ही एकदमच टपालात टाकली. मला कुणी फूस लावली नाही. मेलेल्या माणसाचं मत चालत नाही आणि दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. मी काही दुधखुळी नाही.

निवडणूक कचेरीला सही खोटी वाटली, शिवाय मृत्यूची नोंद मिळाली, म्हणून त्याचं मत मोजलं नाही. ठराव एका मतानं मंजूर झाला. त्याचं मत मोजलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. म्हणजे शाळा वाचली.

डेप्युटी वेस्ली लहानपणी माझ्याच बसमध्ये, मागच्या बाकावर दंगा करायचे. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "मिस अर्डिस, लोक आपल्या फायद्यासाठी खोट्या सह्या करतात. तुम्ही आपल्याच नरडीला नख लावायला केलीत? मला तर काही कळेना." मी सांगितलं, "बाळा, मला शाळा हवीच होती. पण त्याचं पाकीट चुलीत घालून जिंकायचं, म्हणजे तो मेला म्हणून जिंकायचं." ते म्हणाले, "पण झालं तर तसंच ना." मी म्हटलं, "हो. झालं तसंच."

सकाळी शाळेची घंटा घरात ऐकू येते. मला बरं वाटतं, हेही लिहा. मग ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. माझं मत आयुष्यात पहिल्यांदा मोजलं गेलं आणि त्याबद्दल घरात कुणी कुरकुर केली नाही.

मर्विनचं पाकीट मला परत मिळावं, अशी विनंती आहे. मिळणार नाही, असं सांगण्यात आलं.

नियमाप्रमाणे या आठवड्यात भांडी घासायची पाळी माझी आहे. मी घासते. एक ताट असतं.

डेप्युटींनी हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तेच त्यात आहे, काही गाळलेलं नाही. खाली सही माझी, माझ्याच नावाची आहे.

अर्डिस जून ब्रुनर