चार मनात म्हणायचा

…नाही नाही, टाळ्या नकोत, टाळ्या कशाला, मी काय केलंय? मी फक्त लग्न केलं होतं! हा पोरगा, हा बघा, तो भिंतीला टेकून उभा आहे तो, निळ्या कोटातला, ब्रॅडली नाव त्याचं, रेकॉर्ड कंपनीकडून आलाय लॉस एंजेलिसहून, ह्याने मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही ड्रमरच्या पत्नी, दोन शब्द बोला, गोड बोला, मग आपण केक कापू." गोड बोलू? अरे बाबा, आधी माझ्या नवऱ्याला कापलंस, आता केक कापतोस? …घाम पुसू नकोस रे, बसायचं तर बस खाली. माईक आता माझ्या हातात आहे आणि मी काही तो इतक्यात सोडत नाही.

तुम्हाला सांगते, ड्रमरचं काम काय असतं? गाणं सुरू करून देणं. एक, दोन, तीन… आणि चार मनात म्हणायचा! मोठ्याने नाही म्हणायचा, काय? कारण गाण्याआधीची ती मोजणी टेपवरून ब्लेडने कापून फेकायची असते, एक, दोन, तीन सरळ कापून निघतात, पण चार जर कुणी तोंडाने म्हटला तर तो पहिल्या सुरालाच जाऊन चिकटतो, मग कापणार कुठे? सूरही जायचा त्याच्याबरोबर! म्हणून ह्याच खोलीत, इथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता, मग बर्फ गेला आणि गाणी आली, उकाडा मात्र तेव्हापासून आहे तस्सा आहे, तर ह्याच खोलीत त्या दारावर पाटी होती. मालकाने, मिस्टर क्रेनशॉने स्वतःच्या हाताने रंगवलेली. चार मनात म्हणायचा! अक्षर इतकं घाणेरडं की नवीन आलेल्याला आधी ती वाचून दाखवावी लागायची.

आणि माझा होजिया, तो तर काय, सगळंच मनात म्हणायचा! लग्नाची मागणीसुद्धा त्याने मनातच घातली असणार, कारण मला ती ऐकल्याचं काही आठवत नाही, मी एकदम पास्टरसमोर उभीच होते. जेवण कसं झालंय? मान हलवायचा. कुठली मान? वर-खाली की आडवी? तेही नीट कळायचं नाही! आणि अशा माणसाने म्हणे जन्मात एकदा मोठ्याने तोंड उघडलं, आणि तेही कुठे, तर इथे, टेप चालू असताना!

तुम्ही सगळे ज्याच्यासाठी आज जमलाय ना, 'उंबऱ्यावरून परत', जिनिव्हा पोल्कची रेकॉर्ड, त्यातलं पहिलंच गाणं. मी त्या दिवशी बाहेर पायरीवर बसले होते, मांडीवर तळलेल्या कॅटफिशचा डबा, आत ह्यांचं चाललेलं. जिनिव्हा त्याच आठवड्यात आईला मूठमाती देऊन आली होती. तुम्ही ऐकलंय ते गाणं, पण मी ते दाराच्या फटीतून ऐकलंय हो… माझ्या हातातला पंखा थांबला. संपलं. आणि मग क्रेनशॉचा आवाज, "चार कोण बोललं? मी विचारतोय, चार कोण बोललं?"

पुन्हा म्हणायला लावलं असतं ना? लावलं! पण जिनिव्हाचा गळा जो बसला तो बसलाच, आणि तिने सांगून टाकलं, "तुम्ही मला फाशी द्या, पण हे आता मला पुन्हा म्हणता येणार नाही." म्हणजे काय, तर अख्ख्या मेम्फिसमध्ये वर्षानुवर्षांत एखादंच निघावं असं गाणं निघालं, आणि त्याच्या तोंडालाच हा 'चार' चिकटलेला, ट्रम्पेटबरोबर, निघता निघेना! आणि आतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. बारीक. "मी."

संपलं! तसाच्या तसा छापला त्यांनी तो चार, रेकॉर्ड निघाली, आणि क्रेनशॉने होजियाला पुन्हा म्हणून बोलावलं नाही. त्यानेच नाही, कुणीच नाही! ह्या गावात एका दारातली गोष्ट दुसऱ्या दारात जायला कितीसा वेळ लागतो? होजिया टायरच्या कारखान्यात लागला. ज्या बोटांत ड्रमची कांडी फुलासारखी फिरायची त्या बोटांची पेरं काळी पडली, रबराचा वास काही केल्या जाईना, अंघोळ केली तरी उशीला वास. ड्रम फक्त रविवारी, चर्चमध्ये. आणि लोक! लोक काय सोडतात? न्हाव्याकडे गेला की, "या मिस्टर चार! पुढे किती नंबर आहेत, सांगा बघू?" आणि सगळे खो खो खो. मी म्हणायची, "होजिया, अरे एकदा तरी उत्तर दे की त्यांना!" तो? मान हलवायचा. आता ती वर-खाली की आडवी, ते विचारू नका.

आणि दुसरीकडे हा लूशस! लूशस ब्रॉडनॅक्स, हा काय समोर बसलाय पहिल्या रांगेत, बेस गिटार वाजवायचा, ह्याचा फोटो बघा भिंतीवर, केवढा मोठा लावलाय! ह्याला सगळ्यांनी बोलावलं, ह्याने सगळ्यांबरोबर वाजवलं. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी, ती दातावर आपटत राहायची, टक्, टक्, ऐकू येतंय ना मागेपर्यंत? आत्तासुद्धा चालू आहे बघा! दर रविवारी चर्च सुटलं की हा आमच्या दारात, "वहिनी, आज पीचचा कॉबलर केलाय का हो?" टक्. मला हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा, खरं सांगते, तोंडावर सांगते. ह्याची गाडी नवी, माझ्या नवऱ्याची पेरं काळी, आणि वर ह्याला गोडाचा कॉबलर! पण एक होतं, जेवला की उठून सगळी भांडी घासून जायचा. नको म्हटलं तरी घासायचा. मी होजियाला म्हणायची, "अरे, कुठला पाहुणा भांडी घासतो?" तर होजिया काय करायचा? …बरोबर. मान हलवायचा.

मग गेला होजिया. खुर्चीत बसल्या बसल्या, आवाज न करता. मी आतून विचारतेय, "कॉफी देऊ का?" आणि मला वाटलं, हलवत असेल मान.

आता ऐका, हसू नका. माणूस गेला की चेहरा राहतो, फोटो असतात. आवाज नाही राहत हो. फोनवरच्या निरोपाच्या यंत्रात आवाज माझा, वाढदिवसाच्या टेपवर ओरडतेय मी, हा कुठेच नाही! आणि एके दिवशी ताटं पुसताना मी त्याचा आवाज आठवायला गेले, सहज, नेहमीसारखा, आणि तो आलाच नाही. ताट हातात धरून उभी. मी घाबरले. नवरा दुसऱ्यांदा मरायला लागला होता आणि ह्या वेळी माझ्याच डोक्यात.

मग आठवलं! चार! रेकॉर्ड काढली, पहिली बाजू वर करून लावली, पहिलंच गाणं, काठावर सुई ठेवली की झालं, म्हाताऱ्या हातालाही जमतं. खरखर… "चार!" आणि वरून ट्रम्पेट. आला! ट्रम्पेटच्या खाली चेपलेला, पण आला! त्या दिवसापासून रोज सकाळी, "चार!" "गुड मॉर्निंग, होजिया." सुई उचलायची. बाकीचं गाणं कशाला हवंय? अवघ्या जगाला जिनिव्हा ऐकायची, मला माझा नवरा. स्पीकरच्या जाळीला गाल लावून ऐकायची, जाळीची नक्षी उमटायची गालावर, तशीच दुकानात जायची.

पण रेकॉर्ड झिजते! कुणी सांगितलंच नाही मला! बाकी सगळं गाणं कोरं करकरीत आणि तेवढीच जागा पांढरी पडत गेली. आधी 'चार'चा 'र' गेला. मग नुसती फस्स. ज्या आवाजासाठी ऐकत होते तो मीच रोज थोडाथोडा पुसत होते… आणि दुसरी रेकॉर्ड आणावी तर मिळते कुठे? क्रेनशॉची कंपनी केव्हाच बुडाली, जुन्या प्रती सगळ्या जपानात आणि लंडनात, काचेच्या कपाटात!

अशात हा आला, ब्रॅडली. "मॅडम, मूळ टेप सापडली! पन्नास वर्षांनी आपण पुन्हा काढतोय!" मी ह्याला तिथल्या तिथे कवटाळला, काय रे, खरं की नाही? पेटी आणून दिली ह्याने, जाड रेकॉर्ड, आत चकचकीत फोटो, आणि काय छाती फुगवून सांगतोय, "मॅडम, कॉम्प्युटरने सगळं साफ केलंय. खरखर, खोकला, खुर्चीची करकर, सगळं!" मी सुई ठेवली. गाल लावला. …ट्रम्पेट! थेट ट्रम्पेट! मी म्हटलं, "माझा चार कुठाय?" तर हा म्हणतो कसा, "मॅडम, ती चूक होती. ती आम्ही दुरुस्त केली." चूक! त्या चुकीबरोबर मी अख्खा संसार केला रे! क्रेनशॉच्या ब्लेडला जे जमलं नाही ते तुझ्या कॉम्प्युटरने कॉफी पिता पिता केलं!

मी काय बोलले ते इथे सांगत नाही, पास्टर बसलेत. पण पोरगा मनाने वाईट नाही. म्हणाला, "मॅडम, काढलेला तुकडा आमच्याकडे आहे. फोनवर पाठवतो. नुसता आवाज, ट्रम्पेटबिम्पेट काही नाही." नुसता आवाज! माझा जीव कसा हरखून गेला. मी तयारी केली हो. रविवारची टोपी घातली. खिडक्या लावल्या, फ्रिज घूं घूं करतो म्हणून त्याचा प्लग काढला, टेबलावर फोन ठेवला, बटण दाबलं.

टक्. "चार!"

मी म्हटलं, काय झालं? पुन्हा दाबलं. टक्… "चार!"

आता मला सांगा. ट्रम्पेट नाही, खरखर नाही, पुसलेला स्वच्छ आवाज, आणि त्याच्या आधी दातावर गोळी आपटलेली! अख्ख्या मेम्फिसमध्ये अशी गोळी कोण चघळतं? मी टोपी काढून ठेवली. इतकी वर्षं रोज सकाळी उठून जाळीला गाल लावून मी गुड मॉर्निंग कुणाला म्हणत होते? लूशस ब्रॉडनॅक्सला!

लावला ह्याला फोन. म्हटलं, "लूशस, मी व्हर्डेल. चार कोण बोललं?" पलीकडे टक् थांबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबलं. मग म्हणतो, "वहिनी… क्रेनशॉने मला आधीच बजावलं होतं, अजून एक चूक आणि तू बाहेर. घरात पाच पोरं होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात होजियाने कांडी वर केली." मी म्हटलं, "आणि मला का नाही सांगितलं?" तर म्हणतो, "तोच म्हणाला, व्हर्डेलला कळू देऊ नकोस, ती तुला जेवायला वाढायची नाही."

बरोबर होतं त्याचं. नसतं वाढलं!

आता मी चिडू कुणावर? ह्याच्यावर? हा आज काठी टेकत चालतो, ह्याला आणायला कुणी नव्हतं म्हणून माझ्याच गाडीतून आणलाय मी. माझा राग होजियावर आहे. अरे, बायकोला तरी सांगायचं! पेरं काळी केलीस, न्हाव्याकडे हसू करून घेतलंस, तेव्हा रात्री उशीवर नुसतं पुटपुटला असतास तरी चाललं असतं मला! पण नाही. चार मनात म्हणायचा म्हणजे मनातच म्हणायचा. त्या दिवशी ह्या खोलीत ती पाटी पाळली कुणी, तर एकट्या माझ्या नवऱ्याने. आणि त्याचा आवाज आता मला कुठेच ऐकायला मिळायचा नाही, कारण त्याचे एक, दोन, तीन कापून फेकलेले, आणि चार त्याने तोंडातून काढलाच नव्हता.

काय रे ब्रॅडली? काय म्हणतोस? पुढच्या वेळी चार परत घालू? खबरदार! हात लावायचा नाही! आहे तीच लाव आता, साफ केलेली. तिथे ट्रम्पेटच्या आधी एवढीशी मोकळी जागा आहे, कुणीच काही बोलत नाही ती. तेवढाच उरलाय माझ्याकडे होजिया. मी मोजते, मग सुई ठेव. आणि मंडळी, कुणी खोकू नका, खुर्ची वाजवू नका, श्वास जरा धरून ठेवा… हं.

एक… दोन… तीन…

…

लूशस!!

बघा. बघा ह्या मेल्याला! पन्नास वर्षं झाली, दार तेच, खोली तीच, अजून ह्याच्या तोंडात चार राहत नाही! …हसू नका, तो रडतोय. रुमाल द्या कुणीतरी.

जाऊ दे. लाव रे बाबा गाणं. आणि केक कापाल तेव्हा ह्याला मोठा तुकडा द्या, भांडी तोच घासणार आहे.