मोरपंखी ड्रेसिंग टेबल

— आत या, भाऊ, आत या, चपला राहू द्या पायात, सगळीकडे रद्दीच पसरलीय. फक्त त्या स्टुलावर बसू नका, ते ओलं आहे. हो, मीच ललिता, बालवाडीच्या बाई, बरोबर आलात. केव्हाची वाट बघतेय. दुकानातून म्हणाले, काच बसवणारा माणूस दुपारी पाठवतो, तर ही उन्हं कलली — असू द्या, असू द्या, काही सांगू नका, पंचवटीच्या गल्लीत रिक्षा कुठे अडकेल त्याचा नेम असतो का? नसतो. हं, हे बघा आपलं ड्रेसिंग टेबल. आरसा तेवढा बदलायचाय. खालून पारा उडालाय, तोंड बघायला गेलं की हनुवटीच दिसत नाही. जरा धरता का एका बाजूने, मला एकटीला उचलवत नाही. हां — तिथे नको, तिथे रंग — लागला ना बाहीला. चांगला शर्ट घालून आलात कामाला तुम्ही पण. टर्पेंटाइन देते नंतर. धरून ठेवा असाच.

लाकूड सागाचं आहे बरं का. माझ्या लग्नात वडिलांनी सटाण्याहून टेम्पोत घालून पाठवलेलं. आणि आरसा फुटू नये म्हणून तो कोणी धरला असेल? मी. नवी नवरी, डोक्याला मुंडावळ्या, आणि मांडीवर हा एवढा आरसा. मग आमच्या ह्यांनी त्याला राखाडी केलं. कंपनीतून उरलेला ऑइलपेंट मिळायचा, तो राखाडीच असायचा — दार राखाडी, खिडक्या राखाडी, पाण्याची टाकी राखाडी, देवघरही व्हायचं होतं, मी आडवी आले म्हणून वाचलं. माणूस सोन्यासारखा हो, पण रंगाचं वावडं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आजवर मी त्या राखाडीला हात लावला नव्हता. ब्रशचे ओरखडे त्यांचे आहेत, असं वाटायचं. आता पॉलिश पेपरने घासायला घेतलं तर ओरखडे निघतात कुठे? खांदे गेले माझे कामातून. जाताना जाताना पण चिवट माणूस.

आणि रंग कुठला आणावा? वहिनी — माझ्या भावाची बायको, खालीच राहते — ती म्हणाली, ताई, चॉकलेटी घ्या, वयाला शोभेल. टेबलाच्या वयाला की माझ्या, ते काही मी विचारलं नाही. दुकानात गेले चॉकलेटीच आणायला, आणि घरी आले ती हा मोरपंखी डबा घेऊन. वहिनीने नाकाला पदर लावला. वासाने म्हणे. पाडवा महिन्यावर आलाय ना, म्हणून रंगवतेय — हो, पाडव्यासाठीच — आता तुम्ही परके, तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळणार आहे? उद्या मला बघायला येणारेत. हसू नका. नाही, हसत नाही तुम्ही, बघतेय मी. एक्कावन्न वय माझं. मुलगी पुण्यात नांदतेय, स्नेहल, तिनेच हे जुळवलं. म्हणाली, आई, तू भिंतीशी बोलायला लागलीस. भिंतीशी नाही, रेडिओशी बोलते मी, तो उत्तर तरी देतो. तर दिंडोरीचे आहेत, खंडेराव नाव, द्राक्षबाग आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो मागवला तर कसला यावा? औषध फवारतानाचा, तोंडाला फडकं गुंडाळलेला. डोळे तेवढे दिसतात. डोळे बरे आहेत. पण माणूस अबोल आहे म्हणे, आणि तीच माझी धास्ती. आमचे हे पण अबोलच होते ना, भाऊ. जन्मभर मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं, ती खोड तुम्हाला दिसतेच आहे. तरीसुद्धा — आरसा जरा वर घ्या — तरीसुद्धा मला हे जमावं असं फार वाटतंय. वहिनीपुढे म्हणते, बघू, आलं तर आलं. पण संध्याकाळी दोन कप चहा ठेवावा, एक नाही, एवढंच मागणं आहे हो माझं. आणि नको म्हणाले, तर रंग पाडव्यासाठी होता असं सगळ्यांना सांगायचं, ते ठरवूनच ठेवलंय.

आणि ह्या कडेच्या टिकल्या, त्या खरवडून टाकू नका, जुनी काच मी ठेवून घेणारे. रोज रात्री कपाळावरची काढायची आणि इथे चिकटवायची, सगळ्याच बायका करतात. हे गेले तशी कपाळावरची थांबली, आरशावरच्या राहिल्या तशाच. काल दार लावून घेतलं आणि एक लावून बघितली, मरून रंगाची. डिंक कुठला राहतोय इतकी वर्षं? घसरली ती नेमकी ओल्या खणावर पडली, आणि नादात माझा ब्रश तिच्यावरून फिरला. तो बघा बारीक उंचवटा — तीच ती. काढणार होते, मग हात होईना. रडले पण थोडी. मग उरलेला खण रंगवून टाकला. चला, माझं पुराण पुरे झालं. माप घ्या, म्हणजे उद्या सकाळी काच बसेल. आज संध्याकाळी अमावास्या लागते, उद्या दुपारी सुटते, म्हणून वहिनीने त्यांना उद्या पाचचा निरोप दिलाय. काढा टेप. पिशवीत असेल ना, द्या इकडे, तुमचे हात गुंतलेत, मीच काढते —

द्राक्षं?

काच बसवायला आलेला माणूस द्राक्षं कशाला —

थांबा. इकडे बघा जरा माझ्याकडे.

तो आरसा खाली ठेवा. हळू. भिंतीला टेकवा.

अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का? — मी सांगू दिलं नाही, ते खरंय. पण ठरलं होतं उद्याचं. काय? कॅलेंडरात उद्याच्या चौकोनात अमावास्या छापलीय, म्हणून आजच आलात? अहो, चौकोनात छापली तरी ती दुपारी सुटते, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. द्राक्षबागेतली माणसं तुम्ही, बारीक अक्षर फक्त औषधाच्या बाटलीवरचं वाचत असाल.

आता ऐका माझं. तुम्ही आज आलाच नाहीत. मी काही बोललेच नाही, चहाचं नाही आणि टिकलीचं तर नाहीच नाही. आणि ते भाऊ — किती वेळा म्हणाले हो मी? — जेवढ्या वेळा म्हणाले असेन, तेवढ्या वेळा मागे घेतलं. वहिनी देवळातून यायच्या आत निघा. द्राक्षं राहू द्या, ती आता घेऊन कुठे जाता. उद्या पाचला या, पहिल्यांदाच बघितल्यासारखं करा, मी पोहे करीन. फक्त हा शर्ट नको, बाहीला मोरपंखी लागलाय, वहिनीची नजर घारीची आहे, एका क्षणात ओळखेल.

काय म्हणालात?

परत म्हणा.

हाच घालून येणार?

— जा आता. जिन्याचा कठडाही ओला आहे, मी सांगून ठेवते. पुढचं तुमचं तुम्ही बघा.