डावं दार

कमलनगरच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही. मधल्या सीटवर, उकाड्यानं उघड्या ठेवलेल्या उजव्या दाराशी बसलेल्या उद्धवरावांना शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकणं भागच होतं. कानांना झाकणं बसवायचं देव विसरलाय.

“शिवप्रसाद, पुण्याला कारच्या कंपनीत होतास न्हवं? आमच्या जावयाची गाडी दुरुस्त कर की.”

“मला मागचं डावं दारच बसवता येतंय, राजूअक्का.”

“एवढंच?”

“नऊ वर्षं एवढंच.”

“अन् उजवं?”

“धम्मानंद बसवायचा. मधी गाडी, अल्याड मी, पल्याड तो. दोन्ही दारं एकदम लावून बघायचो.”

“मग संप कामून केलास?”

“कंत्राटी पोरांना काढलं म्हणून. आम्ही दोघंबी गेटवर बसलाव.”

“अन् आता?”

“मिटला. माफी मागून सगळे आत गेले. धम्मानंदबी.”

“मग संपावर कोण हाय?”

“मी.”

“एकटाच? हितं कमलनगरात? कंपनीला ठावं तरी हाय का?”

“धम्मानंद फोनच उचलंना, सांगू कुणाला?”

“तूबी माग की माफी.”

“माफी मागायचा आज शेवटचा दिवस हाय.”

“अन् तू गावाकडं चाललास?”

“व्हय.”

जीप भरली. “दारं लावा!” ड्रायव्हर ओरडला. शिवप्रसादनं आपल्या बाजूचं दार ओढत आणलं आणि तसंच धरून ठेवलं.

“लाव की रे. कुणाची वाट बघायलास?”

“उजवं लागू द्या, अक्का.”

उद्धवरावांनी बाहेर बघतच आपलं दार ओढलं.

आवाज एकच झाला.