फॉर्मवरचा चौथा प्रश्न

हॅलो? हां चिमणे, ताई बोलतेय... बाबा शेजारी आहेत का?... मग आतल्या खोलीत जा. अगं जा ना! दार लाव.

दवाखान्यात आहे मी. बीपी परत एकशे ऐंशी... हो, हो, गोळ्या घेते, मीठ सोडलंय, शिलाई मशीनवर बसणंही कमी केलंय. सगळं झालं! ऐक तर. नव्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म दिलाय, लहानपणाचा... माझ्याच गं! मीही तेच म्हटलं, पन्नाशी आली, आता काय त्याचं? तर म्हणाल्या, लहानपणी वर्षानुवर्षं धास्तीत काढली की पुढे बीपी, साखर, झोप, सगळ्याचा धोका वाढतो. प्रत्येकाला होतंच असं नाही, पण विचारावं लागतं.

चौथा प्रश्न वाचते. 'घरातलं मोठं माणूस वारंवार मारायचं का?'

मी 'नाही'वर खूण करून बसलेय. हात आपोआप गेला गं. सिस्टर दोनदा हाक मारून गेल्या...

ठाऊक आहे, तुला नाही मारलं. तू कपाटात असायचीस. बाबा कामावरून आले की आपली लपाछपी... हो, राज्य कायम माझ्यावरच! तुला वाटायचं, ताईला मेलीला शोधताच येत नाही...

काय?... कपाटाच्या फटीतून बघायचीस?... कधीपासून?... सगळं?

अगं मग कधी बोलली का नाहीस?... मला वाईट वाटेल म्हणून? चार वर्षांची होतीस गं तू!

रडू नकोस... थांब, म्हणून तू लिफ्टमध्ये जात नाहीस? सात-सात मजले चढतेस, आणि मी तुला नाटकी म्हणायचे. चुकलंच माझं... नाही, चुकलंच.

बाबा हाका मारतायत? मारू देत. सांग, ताईचं बीपी वाढलंय... नाही गं, भांडायला येत नाहीये मी. त्यांना आता काय बोलायचं? पण इथे खोटं लिहिणार नाही, बस्स. तू काय म्हणतेस?... नक्की?... मोठ्याने बोल.

आले हो सिस्टर! हा फॉर्म चुकला माझा. कोरा द्या ना... थांबा, थांबा. दोन द्या.

ऐकलंस ना? दुसरा तुझा. मग फोन ठेव आणि इकडे यायला निघ.