खोडापासून वीतभर लांब

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष मोठ्या डॉक्टरबाई, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ऑफिसातले साहेब लोक, सिस्टर, खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकलेल्या माझ्या सफाईच्या मैत्रिणी, आणि ज्यांना आज आपण निरोप देतोय ते माळीकाका आणि काकू, सगळ्यांना नमस्कार.

मी चौथी पास. लेक म्हणाली, भाषण मी लिहून देते. म्हटलं नको, तू गोडगोड लिहिशील. हे माझ्या हातचं आहे आणि अक्षर मलाच लागत नाहीये, तेव्हा अडखळले तर थांबा.

आत्ता पाहुण्यांनी सांगितलं, काकांनी आपल्या दवाखान्याच्या बागेत सेंद्रिय आच्छादन आणलं. शब्द मोठा आहे. खरी गोष्ट एवढीच, की काकांनी माझा झाडू अडवला.

बारा वर्षांपूर्वी ते इथे आले, तेव्हा मी आवार असं झाडायची की माती टकलासारखी चकाकायची. झाडंही टकलीच होत चालली होती, पण ते बघायला वेळ कोणाला? फाटकाजवळच्या बदामाचं पान म्हणजे ताट. एक उचललं की दोन पडतात. मी पोती भरून कचऱ्याच्या गाडीत घालायची. काका म्हणाले, झाडाखालचं राहू द्या. मी म्हटलं, साहेब मला बोलतील तेव्हा उत्तर झाड देणार का?

भर दुपारी त्यांनी मला खाली बसवलं. आधी उघड्या मातीवर हात ठेवायला लावला. तवा. मग पाचोळ्याखाली हात घालायला लावला. गार, ओलसर, वर एक गांडूळ बोटावर. "आता सांगा, तुम्ही उन्हात पाय कुठे ठेवाल?" मी त्यांचं ऐकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं आमचे हे म्हणतात.

तेव्हापासून पानं, कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्यांचा चुरा, सगळं झाडांच्या आळ्यात. चार बोटं जाड, वर्षाला कुजून मातीला मिळतं, की नवं घालायचं. दोन बादल्यांच्या जागी एक बादली पाणी पुरायला लागलं. पेशंटचे नातेवाईक ज्या सावलीत डबा खातात ना, ती अशी वाढली.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. काका दीड महिना सुट्टीवर. जाताना मला बजावलं, पाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. मला कुठला धीर? वीत कोण मोजत बसणार? शिवाय वाटलं, चार बोटांनी एवढं भलं होतं तर गुडघाभर घातल्यावर किती होईल. बदामाच्या खोडाला चिकटवून पोतीच्या पोती ओतली, पायाने दाबली, रोज वर पाणी मारलं.

काका परत आले ते ऑफिसात न जाता आधी झाडाकडे. ढिगात हात घातला. उकडलेल्या बटाट्याची सोलावी तशी साल हातात आली. वास सुटला होता. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, पांघरूण पायावर घालतात. नाकातोंडावर घातलं तर माणूस गुदमरतो."

वरची पानं पिवळी पडली होती. झाड पडलं तर खाली माणसं, म्हणून तोडायचं ठरत होतं. चौकशी लागली. मी तेव्हा अकरा वर्षं रोजंदारीवर, आणि मला कायम करायचा कागद नेमका त्याच आठवड्यात सहीला गेलेला. काका आत गेले आणि लिहून आले, सुट्टीवर जाताना मीच तसं घालायला सांगितलं होतं, चूक माझी. मी दाराबाहेर झाडू धरून उभी होते. आत जायला चार पावलं होती. गेले नाही.

त्यांच्या सर्विस बुकात लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ आला आणि महिन्याने माझ्या हातात कायमचं पत्र. मी सगळ्यांना चहा पाजला. काकांनीही घेतला, वर म्हणाले साखर कमी आहे.

मुदत मागून घेऊन त्यांनी तो ढीग हाताने मागे सारला, कुजकी साल खरवडली, खोड वाऱ्याला मोकळं केलं. झाड वाचलं. आज ज्यांनी त्याखाली स्कूटर लावल्यात त्यांना माहीत आहे.

काका मंचावरून हाताने खाली बस म्हणतायत. काका, बारा वर्षं झाडू अडवलात, आज तोंड अडवू नका.

डॉक्टरबाई, उद्या यांचं पुस्तक बंद होणार. त्याआधी ती लाल ओळ काढा आणि माझ्या पुस्तकात लिहा. पुढे काय व्हायचं ते होवो, माझे हातपाय धड आहेत. या माणसाने बारा वर्षांत एक पान वाया घालवलं नाही, त्याच्या नावापुढे तो शब्द घरी जाता कामा नये.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. काकू, तुमच्या माणसाने माझं घर उभं ठेवलं, तुमचे तर पाय धरायचे राहिलेत. भाषणाच्या शेवटी सगळे म्हणतात, काही चुकलं असेल तर माफ करा. माझं चुकलं असेल नाही, चुकलंच आहे, आणि माफी मागायला तीन वर्षं उशीर केला तीही चूकच.

आज सकाळी बदामाखाली पाचोळा घातलाय, वीत मोजून. काका, जाताना एकदा हात घालून बघा.