लॉटरीचा अपेक्षित निकाल

— नाही नाही, बूट असू देत, ये आत. म्हणजे, या. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाच्यापेक्षा, हर्षदपेक्षा लहानच दिसतोस. मला वाटलं होतं, एवढी तुमची ती कॉम्प्युटरची लायब्ररी, जगभर चालते, तर कोणीतरी टकलावर हात फिरवत येणारा माणूस असेल — आणि दारात बघतो तर घाटकोपरचा धम्मपाल. पूर्ण नाव काय म्हणालास? — नाही, सहज. आमच्या सोसायटीत असलं कोणी काही बघत नाही, गेटवर लिहून घेतात म्हणून विचारलं. घेतलंय लिहून? मग झालं. बस, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इथे बस.

तर तुमच्या त्या ‘सारणी’त बिघाड आहे. मोठा बिघाड आहे. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही हे आधीच सांगतो, पण हर्षद मरोळला एका कंपनीत आहे, त्याने मला समजावलं की ‘सारणी’ म्हणजे आकडेमोडीचं तयार सामान — फुकट, कोणीही वापरा, कोणीही दुरुस्त करा. फुकट ऐकूनच मला शंका आली होती. तू पण फुकट करतोस हे? नोकरीवरून आल्यावर? आणि घरचे काही बोलत नाहीत? कमाल आहे. मी पण या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून फुकटच राबतो, पण निदान मला लोक ओळखतात तरी. जिन्यात भेटले की नमस्कार करतात. परवापर्यंत तरी करत होते.

काय झालं ते सांगतो, सगळं सांगतो, तुला कळायलाच हवं ना. आमच्याकडे गाड्या जास्त आणि स्टिल्टमधल्या जागा कमी. बिल्डिंगखालची छप्परवाली जागा ती स्टिल्ट, बाकीचं सगळं ओपन, उन्हात, बदामाच्या झाडाखाली, कावळ्यांच्या तावडीत. म्हणून लॉटरी. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचो, स्टीलच्या डब्यात. मागच्या खेपेला तळमजल्याच्या कुंदाताई — निवृत्त मास्तरीण, दुसरं काय — भर सभेत म्हणाल्या, श्यामसुंदर, तुमच्या नावाची चिठ्ठी हाताला गार का लागते? आता तो होता मे महिना. मे महिन्यात एखादी वस्तू गार लागली तर माणसाने बरं म्हणावं की नाही? पण नाही. फ्रिजपर्यंत गेली गोष्ट. तेव्हाच मी ठरवलं, पुढची लॉटरी कॉम्प्युटरवर. यंत्राला ना मामा ना भाचा. टाळ्या पडल्या रे. कुंदाताईंनी पण वाजवल्या.

हर्षदने प्रोग्राम केला, तुमचं सामान वापरून. तो म्हणाला, मामा, चिठ्ठ्या ढवळायला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला की ढवळणं अगदी तसंच होतं, नावं त्याच क्रमाने बाहेर येतात. मला हे फार आवडलं. शिस्त आहे याच्यात. मग मी म्हटलं, एकदम सभेत नको, आधी घरी रंगीत तालीम करू. जबाबदार माणूस तालीम करतोच की नाही? शनिवारी इथेच बसलो होतो, तू बसलायस तिथे हर्षद होता. सोसायटीचा नोंदणी क्रमांक घातला — मला ओपन, बदामाखाली. म्हटलं, हा आकडा जुना झाला. लग्नाची तारीख घातली — कचऱ्याच्या खोलीला लागून. हिने आतून विचारलं, काय आलं? मी म्हटलं, जे यायचं तेच. मग आणखी पण घातले काही — माझा फ्लॅट नंबर, लाइट बिलावरचा नंबर, ते सगळं सांगत बसत नाही. आणि मग पिनकोड घातला. मुलुंड पूर्वचा पिनकोड! आणि वरती पहिलंच नाव — स्टिल्ट एक, श्यामसुंदर. अंगावर काटा आला माझ्या. पिनकोड म्हणजे पोस्टाने दिलेला आकडा, त्याच्यात माझा काय हात? याच्यापेक्षा निःपक्षपाती आकडा तू मला दाखव.

हसतोयस काय? मी सरळ सांगतोय, काही लपवत नाहीये. तालीम वेगळी आणि निकाल वेगळा. तालमीत काय काय येऊ शकतं ते आपण बघायचं, आणि त्यातलं जे योग्य वाटेल ते सभेत करायचं. सगळ्या तालमी अशाच असतात.

रविवारी सभा. भिंतीवर पडदा, समोसे, सगळी तयारी. मी उठून जाहीर केलं की सुरुवातीचा आकडा म्हणून आपण आपला सर्वांचा, लाडका पिनकोड घेत आहोत. लोक खूश. अध्यक्ष चंद्रप्रकाशभाई म्हणाले, वा, काय कल्पना आहे. हर्षदने बटण दाबलं — आणि वाट लागली. स्टिल्ट एक — कुंदाताई! अरे, त्यांच्याकडे गाडी नाही. जुनी स्कूटी आहे, तीसुद्धा धक्का मारून चालू करतात. आणि मी कुठे? बदामाखाली. नोंदणी क्रमांकाने टाकलं होतं तिथेच परत. माझी नवी गाडी या शनिवारी येतेय, धम्मपाल. मोठी गाडी आहे, पांढरी. स्टिल्ट एक धरूनच बुक केली होती, तालमीनंतर तासाभरातच. पांढरी गाडी आणि कावळे — तूच सांग.

मी उठून म्हटलं, थांबा, यंत्र चुकलंय. कुंदाताई एवढंच म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? मी हर्षदला बाजूला घेतला, तर तो मान खाली घालून म्हणतो, मामा, सकाळी ‘सारणी’ अपडेट केली, नवीन आवृत्ती आली होती, ढवळायची पद्धत सुधारलीय म्हणे. सुधारलीय! कोणी सांगितलं होतं सुधारायला? चालतंय ना, चालू द्या की. तुमच्या नोंदीत लिहिलंय म्हणे, की जुन्या आकड्यांनी आता जुना क्रम येणार नाही — तू लिहिलंस ते? असल्या नोंदी कोणी वाचतं का बाबा? लिफ्टमधली नोटीस कोणी वाचत नाही आमच्याकडे.

चंद्रप्रकाशभाईंनी तोडगा काढला. म्हणाले, लायब्ररीवाल्यांनी लेखी दिलं की बिघाड त्यांचा होता, तर पुन्हा लॉटरी. नाही तर हाच निकाल कायम, आणि सेक्रेटरीने सभा का थांबवली त्याचं उत्तर सेक्रेटरीने द्यायचं. म्हणजे जागा पण जाणार आणि पद पण. म्हणून मी रात्र न घालवता तुमच्याकडे तक्रार टाकली. हर्षद तयारच होईना, म्हणे मामा, नका. मी म्हटलं, बाजूला हो, मराठीत लिहितो. तुमच्या तक्रारीत तीन रकाने होते, ते मी प्रामाणिकपणे भरले. ‘अपेक्षित निकाल’ — स्टिल्ट एक, श्यामसुंदर. ‘प्रत्यक्ष निकाल’ — स्टिल्ट एक, कुंदाताई. ‘बिघाड पुन्हा कसा घडवता येईल’ — तिथे तालमीचं सगळं सविस्तर लिहिलं, लग्नाच्या तारखेसकट. तूच सांग, याहून स्वच्छ तक्रार आली होती का कधी तुमच्याकडे?

तेच म्हणतो मी. म्हणून तर तू स्वतः आलास.

तुला फक्त एक ओळ लिहायची आहे — ‘बिघाड आमचा’. आणि सुधारायचंच असेल तर मी एक सुचवतो, फुकट सुचवतो, तुमच्यासारखंच. ढवळणं अगदीच आंधळं नको. सत्यनारायणाला पहिला नारळ सेक्रेटरीच्या हातात देतात की नाही? त्याला कोणी पक्षपात म्हणतं? मान म्हणतात. तसा मानाचा एक रकाना ठेवा ‘सारणी’त. पहिलं नाव मानाचं, मग खाली काय ढवळायचं ते ढवळा. ज्याला नको तो रिकामा ठेवेल. जगभर चालेल बघ, पदाधिकारी सगळीकडे असतात.

काय दाखवतोस लॅपटॉपवर? थांब, चष्मा घालू दे. हां, ही माझीच तक्रार. खाली तू लिहिलंयस — ‘तपासले. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती, दोन्ही बरोबर चालत आहेत.’ आणि बंद केलीस? अरे, मग इथपर्यंत आलास कशाला — हे सांगायला? फोनवर सांगायचंस. तोंडावर सांगावंसं वाटलं? बरं. आणि हे खाली अंगठे कसले? लोकांचे? कुठल्या लोकांचे — हे तर तिसऱ्या मजल्याचे शेट्ये! हे इथे कसे? उघडी आहे म्हणजे? लायब्ररी उघडी आहे हे माहीत आहे मला, तक्रार पण? कोणालाही वाचता येते? हर्षदने ग्रुपवर लिंक टाकली?... आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर?

सगळ्यात खाली काय लिहिलंय? वाच. — नको, मोठ्याने नको. ही आत आहे. बोटाने दाखव फक्त.

‘चिठ्ठी गारच होती. कुंदा, तळमजला.’

चहा होतोय, पण तुला उशीर होत असेल. घाटकोपरला जायचं म्हणजे या वेळेला रस्ता भरलेला असतो. बाइकने आलायस? कुठे लावलीस? आमच्याकडे बाहेरच्या गाड्या आत घेत नाहीत, नियम आहे, मीच केलाय — वॉचमनने सोडलं कसं? स्टिल्टमध्ये? स्टिल्टमध्ये कुठे?

कोणी सांगितलं तुला तिथे लावायला?

कुंदाताई म्हणाल्या? पाहुण्यांसाठी ठेवलीय म्हणाल्या?

ऊठ. लॅपटॉप घे तो. जाताना दार ओढून घे.