हाकेला ओ

पुढील बोलणे मी प्रत्यक्ष ऐकलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ते मला प्रफुल सरांनी सांगितले – डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, गडचिरोलीच्या बसस्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सर शहरालगतच्या एका खासगी निवासी शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. सरकारी आणि खासगी शाळांनी एकाच करंडकासाठी एकमेकींविरुद्ध खेळणे न्याय्य आहे काय, हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय. त्यावर मत विचारले असता सरांनी मत दिले नाही, हे ऐकवले. मुलींच्या कबड्डीच्या जिल्हा अंतिम सामन्यात त्यांचा संघ एका सरकारी आश्रमशाळेकडून एका गुणाने हरला होता. त्यांची सर्वांत भरवशाची चढाईपटू रंजीता मैदानावरूनच आईबरोबर गावी निघून गेली आणि परतलीच नाही. पुढच्या रविवारी सर तिला आणायला धानोरा तालुक्यातल्या तिच्या घरी गेले. अंगणात तिची आई, सोनीबाई, धान पाखडत होती. सरांची आई झाडीपट्टीतलीच असल्यामुळे त्यांनी सोनीबाईची बोली हुबेहूब उतरवली, असे मी समजतो. स्वतःचे बोलणे त्यांनी सांगताना गाळले.

– नाई जी सर, मी कायले रागावू? बसा तं आधी. त्या बाजेवर बसा – तिकडून नाई, तिकडून दोरी ढिली हाय, खाली जाल – हां, इकडून. चाय कोरा हाय बरं का, दूध नाई, गाय आटली. तुमच्या होस्टेलात रंजीले रोज गिलासभर दूध भेटते म्हनते, आता इथी कोरा चाय पाह्यला का तोंड वाकडं करते – पन पेते. पेते जी, न पिऊन सांगन कोनाले? घर सापडलं ना बरोबर? पत्रूभाऊनं दाखवलं? दाखवन ना तो! सामना झाल्यापासून छाती काढून फिरून राह्यला गावात, जसा का त्यानंच पकड केली. त्यानं तुमाले चिडवलं तं नाई ना? चिडवलं? काय म्हने? ‘हरलेले सर जिंकलेल्या गावात आले’ – घ्या, काऊन हो असे लोक! मनाले नका लावू. अख्ख्या गावात एक कप आला, तोही आश्रमशाळेच्या कपाटात, गावानं तं नुसता फोटोत पाह्यला. तेवढ्यावर बोलतीनच.

काय म्हनता – नेम सारखाच? होव, नेम सारखाच हाय. सात इकडून, सात तिकडून, पंच एक, मैदान एक. सात-साताचा हिशोब मले समजते सर. पन तुमच्या सात कशा जमल्या अन् आमच्या सात कशा जमल्या, हे पाहा ना. आमच्या शाळेत जे पोट्टी आली ते आमची – जाडी आली, बारकी आली, घरची आठवन आली का कुंपन फांदून पळनारी आली – त्यातूनच सात काढाच्या. अन् तुमी? तुमी गाडी घेऊन येता, खळ्यावर खेळनाऱ्या पोट्ट्या पाहता, अन् बियान्यासाठी दाना निवडावा तशी टपोरी-टपोरी उचलून नेता. हासू नका, हासू नका, माझ्या हातात सूप हाय, निवडनं मले समजते! मंग मैदानात तुमच्या सातमधी मोजल्या मी – चार आमच्याच इकडच्या. म्हंजे खेळल्या कोन? आमच्या पोट्ट्या आमच्याच पोट्ट्यांशी. जिंकल्या असत्या तं कपाट तेवढं तुमचं. नाई, मी तकरार नाई करत. रंजीले मीच पाठवली. तिचा बाप, लालसू, तो म्हने नको, येवढी लहान पोर – मी म्हनली जाऊ द्या, अंडं खाईन, केळं खाईन, इंग्रजी शिकन, पायात बूट घालन. घातले ना बूट. तेही पाह्यलं मी.

बुटाचं तं बोलूच नका! आमच्या पोट्ट्या त्या रंगीत मॅटवर खेळाले निंगाल्या तं बूट काढून, वळीनं लावून, हात टेकून, कपाळाले लावून आत गेल्या. आता काय करतीन? खळ्यावर खेळनाऱ्या पोरी – खळ्यावर कोन पायतान घालून जाते जी? दाना पडते तिथी. त्याईले वाटलं, येवढं सारवलेलं हाय, खळंच हाय कोनाचं तरी. पंच म्हने बूट घाला, नाईतं खेळू नाई देत. तुमच्याकडल्या पोट्ट्या किती हासल्या! रंजी नाई हासली. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत राह्यली – बांधलेली होती जी, तरी बांधत राह्यली. अन् खरं सांगू, हासली तं मीबी. आमचा मुखरू मास्तर तोंडावर रुमाल धरून हासला, अन् तोच म्हने, ‘घाला वं बूट, आज खळ्याचा मालक दुसरा हाय.’

आता हेडमास्तर म्हनते, वरतं लिहून देऊ, सरकारी-सरकारी वेगळे खेळवा, खासगी-खासगी वेगळे. तुमालेही तसंच वाटते? तुमी तं आता म्हनानच, हरले तुमी! पन मी म्हनली, नाई जी मास्तर. लहान्या पोट्ट्याले खेळात घेते ना, कच्चा लिंबू म्हनून – आउट झाला तरी आउट नाई, राज्य आलं तरी राज्य नाई – तसं करता का आमाले? कच्च्या लिंबाले कप भेटला तं तो कप दाखवाचा कोनाले? एकत्रच खेळवा. फक्त एक करा – दरसाली आमच्यातली पोट्टी न्याची तं बदल्यात मॅट तरी टाकून द्या एखादी. का? तुमची शाळा नाई देत? मंग एखादं वर्ष येऊन आमच्या खळ्यावर खेळा, बिनबुटाचे. काटे टोचले तं मी काढून देईन.

पन सर, एक गोष्ट तुमची मले पटली नाई. मैदानात, सगळ्यांसमोर, तुमी तिले ‘मुद्दाम केलं का’ म्हनून विचाराले नको होतं. होव, तुमी जोशात होते, समजते. पन मंग तिच्या सोबतच्या पोट्ट्याबी बोलल्या – तू तिकडचीच, गावासाठी आउट झाली. इथी आली तं जेवेना. म्हने, मी आता त्या शाळेत तोंड कसं दाखवू? ती कशाले मुद्दाम करन? पाय घसरला तिचा. मॅटच तशी गुळगुळीत – काय? पाय नाई घसरला? बरं, नाई घसरला. दम तुटला, होव, कबड्डी-कबड्डी म्हनता म्हनता मधीच थांबली, म्हनून आउट. आता दम काऊन तुटला – गर्दी होती जी, गोंगाट, कोनी शिट्ट्या मारे – कोनी बोललं असन काई. आवाज आला असन. कोनाचा? आता येवढ्या लोकांत कोनाचा आवाज कोन सांगन – तुमीबी ना सर, वकिलावानी पाहून राह्यले माझ्याकडं. चाय थंडा होते. घ्या.

बरं. माझा.

मी हाक मारली. ‘रंजे!’ म्हनली. येवढंच. अन् ती ‘ओ’ म्हनली. आश्रमशाळेकडून खेळनाऱ्या दिव्याले, माझ्या दिराच्या पोरीले, हात लावून आली होती, रेष अशी पायाशी होती – अन् ‘ओ’ म्हनली! पंचानं शिट्टी मारली. दोन्ही टीम बरोबरीत होत्या, शेवटची चढाई, झालं. आता तुमाले वाटन, काय येडी पोरगी, खेळ सोडून ओ देते. पन आमी मोहफुलं वेचाले जंगलात जातो सर, तेंदूपत्त्याले जातो. पोट्टी त्या झाडाखाली, मी या झाडाखाली, मधी झुडुपं – दिसत नाई. मंग घडीघडी हाक माराची. हाकेले ओ आली का समजाचं, हाय. नाई आली तं टोपली टाकून पळाचं – अस्वल हाय का वाघ हाय, तेच पाहाले. चालाले लागली तवापासून तिले हेच शिकवलं मी – काईबी करून राह्यली असन, तोंडात घास असन, ओ आधी दे. इतक्या वर्साचं शिकवलेलं तुमचं एका वर्साचं शिकवनं कसं पुसन जी?

काऊन मारली हाक? आता काऊन म्हंजे – पोळ्यापासून पाह्यली नव्हती तिले. समोर आली तं गालफडं बसलेली दिसली, अन् येवढी पळे, येवढी पळे – तोंडातून निंगालं. मी गावच्या लोकांत बसली होती, हे खरं हाय. गाव आश्रमशाळेकडून ओरडत होतं, मीबी ओरडत होती – होव, दिव्याचंच नाव घेऊन ओरडत होती, मंग काय घरच्या पोरीचं नाव नाई घ्याचं? पन ती हाक – ती तशी नव्हती. मले नाई वाटत तशी होती. तुमी असं पाहू नका जी. कप परत मांगता का आता? पुस्तकात नेम हाय का, का मायनं हाक मारू नाई म्हनून? नाई ना? मंग तुमी आमच्या निवडून नेल्या, मी एक हाक मारली. फिट्टंफाट. पन तुमच्या पोट्ट्यांले सांगा सर. जाऊन सगळ्यांसमोर सांगा, जसं सगळ्यांसमोर विचारलं होतं – का रंजीनं नाई केलं, तिच्या मायनं केलं. येवढं सांगान तं येईन ती. सांगता? पक्कं? बरं.

मी कोन पाठवनारी, तिलेच विचारा. मागं हाय, खळ्यावर. थांबा, हाक मारते. रंजे! ए रंजे! सर आले वं!

ऐकून राह्यले? कबड्डी-कबड्डी चालू हाय तिचं. कालपासून हेच. रंजे! – आइकू जाते जी, इथून खळं केवढं दूर हाय? ते पाहा, कुडाच्या फटीतून दिसते – माझ्याकडं पाह्यलंबी तिनं. पाहून फिरली, अन् दम चालूच. रंजे!

ओ नाई देत.

घ्या, चाय संपवा. थैली तिची त्या कोपऱ्यात हाय, भरून ठेवली तिनंच. घेऊन जा सर. बस निंगून जाईन, जा लवकर. नाई, मी नाई येत सडकेपर्यंत, धान उघडं पडलं हाय. जा म्हनलं ना.

यापुढे सोनीबाईच्या सुपाचाच आवाज येत राहिला, असे सर म्हणाले. अंतिम गुणसंख्या आणि दम तुटल्याबद्दल पंचांनी दिलेला निर्णय मी स्वतंत्रपणे पडताळून पाहिला. दोन्ही बरोबर आहेत. सरांनी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी दिलेले स्पष्टीकरण ऐकलेल्या मुलींशीही बोललो. रंजीता पुन्हा सरांच्या संघात खेळते आहे. ती हाक मारताना सोनीबाई कोणाच्या बाजूने होती, एवढे मात्र मला निश्चित करता आले नाही. रंजीताला विचारले, तर ती म्हणाली, “मी बी नाई विचारलं.”